बारामती-इंदापूरचा बौद्ध समाज : इतिहास आणि आजचे जीवन

बारामती म्हटले की बाहेरच्या माणसाला ऊस, साखर कारखाने, एमआयडीसी आणि राजकारण आठवते. इंदापूर म्हटले की उजनीचे पाणी आणि भिगवणचे रोहित पक्षी. याच दोन तालुक्यांत जवळपास प्रत्येक गावात वेशीच्या थोडे बाहेर एक वस्ती आहे. तिचे जुने नाव महारवाडा, आजचे नाव बहुधा भीमनगर, सिद्धार्थनगर किंवा नुसती 'बौद्धवस्ती'. या वस्तीचा इतिहास तालुक्याच्या गौरवग्रंथांत दोन ओळींत उरकला जातो. आमच्या तरुणांना नागपूर, महाड, कोरेगाव भीमा हे सगळे पाठ असते. आपल्याच गावात आपले आजोबा कोणते काम करत होते, त्याबदल्यात कोणती जमीन होती आणि ती आज कोणाकडे आहे, हे विचारले की उत्तर येत नाही. तो इतिहास आणि आजची परिस्थिती एका जागी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

भूप्रदेश : पाणी असलेला आणि नसलेला

हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. दक्षिणेला नीरा, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा आणि बारामती शहरातून वाहणारी कऱ्हा. कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा इंदापूरच्या टोकाला नरसिंहपूर येथे भीमेला मिळते.

या भागाचे खरे विभाजन तालुक्यांच्या सीमेने होत नाही, ते पाण्याने होते. नीरा डाव्या कालव्याखालची गावे 'बागायती', तर सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूची गावे 'जिरायती'. सोयरीक जमवतानासुद्धा आमच्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, "गाव बागायतीतलं की जिरायतीतलं?" बौद्ध समाज दोन्हीकडे आहे. मात्र कालव्याचे पाणी गावात येणे आणि ते आपल्या रानात येणे यात किती अंतर असते, हे या समाजाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

प्राचीन वारसा

पुणे जिल्हा हा भारतातील बौद्ध लेण्यांचा एक मोठा प्रदेश आहे. जुन्नर, कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी इसवी सन पूर्व काळापासून कोरली गेली. घाटातून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर ती आहेत आणि त्यांतील शिलालेखांत व्यापारी, कारागीर, भिक्षू-भिक्षुणी आणि यवन दात्यांची नावे आढळतात.

त्या काळापासून आजच्या वस्त्यांपर्यंत धम्माची अखंड परंपरा राहिली, असे म्हणता येत नाही. मधली अनेक शतके ती तुटलेली होती. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात अस्पृश्य हे पूर्वी बौद्ध असलेले, पराभूत आणि विखुरलेले लोक होते, अशी मांडणी केली. या सिद्धान्तावर अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजासाठी मात्र त्याचा अर्थ स्पष्ट होता : १९५६ साली आपण परक्या धर्मात गेलो नाही, आपल्या घरी परतलो.

वतन आणि महारकी

१९५६ पूर्वी हा समाज प्रामुख्याने महार म्हणून ओळखला जाई आणि गावगाड्यात त्याचे स्थान 'वतनदार' असे होते. हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. पाटील-कुलकर्णीही वतनदार आणि महारही वतनदार. फरक कामात होता. वेशीवर पहारा देणे, चावडीवर हजर राहणे, दवंडी देणे, सरकारी टपाल आणि वसुलाची रक्कम पुढच्या गावी पोहोचवणे, आलेल्या अधिकाऱ्याच्या घोड्याला चारा आणणे, मयताची वर्दी पावण्यारावळ्यांना सांगणे, मेलेले जनावर ओढून नेणे. शेताच्या बांधाचा किंवा गावाच्या शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण शीव त्याच्याइतकी कोणाला माहीत नसे.

या कामाचा मोबदला दोन प्रकारचा होता. एक, शेतकऱ्यांकडून सुगीत मिळणारे बलुते आणि सणावाराचे हक्क. दुसरा, वतनाची जमीन. तिला बोलीभाषेत 'हाडकी' किंवा 'हाडोळा' म्हणत. तिच्यावर पूर्ण सारा नसे, कमी दराची 'जुडी' असे. जमीन सगळ्या भावकीची, त्यामुळे कामही भावकीने पाळीपाळीने करायचे. ज्याची पाळी तो येसकर. तो आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे, मग ती बाई असो की पोर.

इंग्रजी राजवटीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. पिढीगणिक वाटण्या होऊन प्रत्येकाच्या वाट्याला काही गुंठे उरले, पण चाकरी पूर्ण राहिली. सरकारला नाममात्र मोबदल्यात चोवीस तासांचा नोकर मिळाला आणि त्या तुकड्याच्या आशेने माणूस गावाला बांधला गेला. बाबासाहेबांनी वतनाला गुलामगिरी म्हटले ते याच कारणाने. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनदाराला इच्छा असेल तर पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी आणि चाकरीतून सुटता यावे, हा त्याचा गाभा होता. विधिमंडळात त्याची एवढी कापाकाप झाली की पुढच्या वर्षी त्यांनी ते मागे घेतले.

कालवा आला

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि भाटघर धरणाचे पाणी त्याला मिळू लागले. दुष्काळी कामांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या या कालव्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या नीराकाठचा चेहरा बदलला. सासवडकडचे माळी बागायतदार खंडाने जमिनी घेऊन ऊस आणि गूळ करू लागले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने आले.

ऊस लावायचा तर जमीन लागते, भांडवल लागते आणि पाणी वेळेवर सोडवून घेण्याची ताकद लागते. हाडोळ्याच्या तुकड्यात यांतले पहिलेच अपुरे होते. ज्यांची वतनाची जमीन कालव्याखाली आली, त्यांपैकी अनेकांनी ती खंडाने किंवा गहाण म्हणून बागायतदाराला दिली आणि त्याच जमिनीवर मजुरी केली. सहकारी कारखान्याचा सभासद व्हायचे तर स्वतःचा ऊस हवा. त्यामुळे ज्या सहकाराने या भागाला श्रीमंत केले, त्याच्या सभासद यादीत आमची नावे थोडी आणि कामगारांच्या हजेरीपटावर जास्त, अशी परिस्थिती राहिली.

जागृतीची सुरुवात : जेजुरी, फौज आणि मुंबई

आंबेडकरी चळवळीच्या आधीही या भागात जागृती झाली होती आणि तिचे केंद्र शेजारच्या पुरंदर तालुक्यात होते. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा घेऊन सरकारकडे अर्ज केला. १९१० साली जेजुरीत दख्खनच्या महारांची परिषद भरली आणि लष्करात व सरकारी नोकरीत प्रवेश मिळावा, अशी मागणी थेट भारतमंत्र्यांकडे गेली. कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले. खंडोबाला मुली वाहण्याच्या मुरळी प्रथेविरुद्ध त्यांनी त्यातून झुंज दिली. जेजुरी हे बारामतीकरांचेही दैवत असल्यामुळे या लढ्याचा संबंध आमच्या घरांशी थेट होता.

फौज हा गावाबाहेर पडण्याचा पहिला रस्ता होता. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले. पुढे १८९० च्या दशकात लष्करभरती बंद झाली आणि निवृत्त सैनिकांच्या मुलांना पुन्हा गावकीकडे वळावे लागले. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. आजही काही घरांत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी गणवेशातल्या आजोबा-पणजोबांचा फोटो असतो.

दुसरा रस्ता रेल्वेचा. बारामती-दौंड लोहमार्गाने दौंडला जायचे आणि तिथून मुंबई किंवा खडकी. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे, खडकी-देहूरोडचे लष्करी कारखाने यांत गेलेल्या माणसांनी गावाकडे दोन गोष्टी पाठवल्या : मनीऑर्डर आणि बाबासाहेबांचा विचार.

१९२७ ते १९५६

१९२७ हे वर्ष पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. १ जानेवारीला बाबासाहेबांनी कोरेगाव येथे विजयस्तंभाला मानवंदना दिली आणि २० मार्चला महाडचा सत्याग्रह झाला. मेलेली जनावरे ओढायची नाहीत, मृतमांस खायचे नाही, शिळे अन्न मागायचे नाही, हा संदेश गावोगाव गेला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. २५ डिसेंबर १९५४ रोजी याच जिल्ह्यातील देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पुणे जिल्ह्यातील बौद्धांसाठी ते ठिकाण आजही तीर्थासारखे आहे. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, पण धर्मांतर थांबले नाही. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध आहेत. हे राज्याच्या लोकसंख्येच्या ५.८१ टक्के, तर देशातील एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशाहून अधिक आहेत.

आकड्यामागे प्रत्येक गावात एक निर्णय होता. घरातले देव पाण्यात सोडायचे, मरीआईची सेवा थांबवायची, येसकरकी टाकायची. येसकरकी टाकली की बलुते बंद, कधी कधी मजुरीही बंद. त्या काळाच्या आठवणी सांगणाऱ्या आजी आता थोड्याच उरल्या आहेत. त्या दीक्षेच्या सोहळ्याविषयी कमी बोलतात, त्यानंतरच्या उपाशी उन्हाळ्याविषयी जास्त.

वतन गेले, जमिनीचे काय झाले?

१९५८ च्या मुंबई कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने महार वतने रद्द झाली. १ फेब्रुवारी १९५९ पासून तो अंमलात आला. चाकरी कायद्याने संपली. जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या मूळ वतनदाराला त्या पुन्हा देण्याची तरतूद झाली. अशी पुन्हा मिळालेली जमीन नव्या अविभाज्य शर्तीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही, वाटताही येत नाही. सातबाऱ्यावर आज ती 'भोगवटादार वर्ग २' म्हणून दिसते.

कागदावर ही मोठी सुटका होती. प्रत्यक्षात तीन ठिकाणी पाय अडकला.

पहिले, मुदतीत रक्कम भरण्याची माहिती आणि ऐपत. सारा फार नव्हता, पण नोटीस वाचणाराच घरात नव्हता. जमीन मुंबईला गेलेल्या चुलत्याच्या नावे आणि गावात राहणारा पुतण्या चावडीवर जायला कचरणारा, अशा घरांचे फेरप्रदान राहून गेले.

दुसरे, कूळ कायदा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून झालेला १९४८ चा कायदा वतनाच्या कायदेशीर खंडाच्या जमिनीलाही पुढे लागू झाला. बहुतेक ठिकाणी मालक मोठा आणि कूळ गरीब असे. इथे उलटे होते. मालक चार गुंठ्यांचा महार आणि कूळ मोठा बागायतदार. न्यायासाठी केलेला कायदा इथे दुबळ्या मालकाच्या विरोधात गेला.

तिसरे, शर्त मोडून झालेले व्यवहार. आजारपण, लग्न, मुलाचे शिक्षण यांसाठी शंभर रुपयांच्या कागदावर जमीन दिली गेली. ताबा एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि न्यायालयात तारखा. शहरांच्या कडेला ही जमीन सोन्याच्या मोलाची झाली. २०२५ मध्ये पुण्यालगत मुंढवा येथील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा 'महार वतन' हे शब्द अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. आमच्या वस्त्यांत ते शब्द नेहमीचे आहेत.

ज्यांच्याकडे वतनही नव्हते त्यांच्यासाठी गायरान हा आधार होता. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी पडीक सरकारी जमिनीवरचा हक्क हा राष्ट्रीय प्रश्न केला. पुढे राज्य सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणे अटींसह नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये घेतला. मात्र २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर गायरानावरील अतिक्रमणे हटवण्याचे धोरण आले. तेव्हापासून दंडाच्या पावत्या जपून ठेवणारी कुटुंबे पुन्हा धास्तीत आहेत.

दुष्काळ, धरण आणि एमआयडीसी

१९७२ चा दुष्काळ या दोन्ही तालुक्यांनी सोसला. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडण्याची कामे निघाली. सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांत सगळ्या जातींची माणसे होती. एकाच मुकादमाच्या हाताखाली, एकाच पाण्याच्या पिंपाजवळ उभे राहण्याचा तो अनुभव होता आणि पिंपातले पाणी कोणी कसे घ्यायचे, यावर वादही झाले.

१९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले. पळसदेव, कळाशी यांसारखी इंदापूरची भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. त्याच पाण्याखाली जुने महारवाडेही आहेत. पुनर्वसनाचा हिशेब मुख्यतः खातेउताऱ्यावर होतो. ज्याच्या नावावर जमीन त्याला जमीन आणि भूमिहीनाला घराची जागा. वर्षानुवर्षे वारसनोंद न झालेल्या वतनाच्या कुटुंबांना याचा फटका बसला.

नव्वदच्या दशकानंतर बारामती एमआयडीसीत पियाजिओसारखे वाहन कारखाने, दुग्धप्रक्रिया उद्योग, नंतर वस्त्रोद्योग पार्क आले. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ पासून असल्यामुळे शिक्षणाची सोय जवळ होती. आमच्या समाजातील पहिली पदवीधर पिढी याच महाविद्यालयांतून आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांतून तयार झाली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटी वाहक, पोलीस, बँक कर्मचारी झालेली ती पिढी आता निवृत्त होत आहे. तिच्या मुलांसमोर सरकारी जागा कमी आणि कंत्राटी कामे जास्त आहेत. आयटीआय झालेला मुलगा ठेकेदारामार्फत कामाला लागतो, काही महिन्यांनी ब्रेक मिळतो आणि पुन्हा नव्याने सुरुवात.

आजची वस्ती

आज गावातल्या बौद्धवस्तीत शिरले की आधी पंचशील ध्वज, मग विहार किंवा समाजमंदिर दिसते. बहुतेक घरे पक्की आहेत, त्यांत रमाई आवास योजनेचा वाटा मोठा. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. फलक बदलले. जुन्या माणसांच्या बोलण्यातले नाव बदलायला अजून वेळ लागेल.

वर्षाचे चक्र आता आपल्या स्वतःच्या दिनदर्शिकेवर चालते. १ जानेवारीला कोरेगाव भीमा, ७ फेब्रुवारीला रमाई जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, वैशाखात बुद्धपौर्णिमा, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास, मग धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर. वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. विहार चालू ठेवण्याचे श्रेय बायकांना आहे. जयंतीला पुरुषांची गर्दी असते, वर्षावासात पांढऱ्या साडीतल्या दहा-बारा बायकाच रोज येतात. त्यांतल्या अनेकजणी दिवसभर खुरपणी किंवा ऊस लागणीच्या टोळीत असतात.

लग्ने बौद्ध पद्धतीने, बौद्धाचार्यांच्या हस्ते होतात. सोयरिकीचा पट्टा फलटण, माळशिरस, दौंड, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. हळद, मानपान आणि डीजेचा खर्च मात्र इतरांसारखाच वाढला आहे. काही घरांत जेजुरीची वारी अजून गुपचूप होते. आम्ही तिच्यावर टीका करतो. घरातली म्हातारी नातवाच्या तापासाठी भंडारा लावते तेव्हा तिला रागावण्यापेक्षा दवाखाना जवळ आणणे जास्त उपयोगी, हेही कामातून शिकलो आहोत.

गावात मातंग, चर्मकार, होलार, रामोशी, धनगर अशा शेजारी समाजांशी संबंध रोजचे आहेत. जुन्या उतरंडीच्या खुणा मात्र सगळीकडे पुसलेल्या नाहीत, आपल्या मनातही नाहीत. मातंग किंवा होलार कुटुंबाशी सोयरीक करायची म्हटले की आपल्याच घरात कुजबुज सुरू होते. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने ही कुजबुज स्वतःच थांबवली पाहिजे.

गावाशी संबंध पूर्वीपेक्षा मोकळे आहेत. हॉटेलात वेगळी कपबशी नाही, शाळेत मुले एकत्र बसतात, आरक्षणामुळे बौद्ध महिला सरपंचपदी येतात. ताण दिसतो तो तीन जागी : स्मशानभूमी, जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता आणि आंतरजातीय प्रेम. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करायची की नाही, हा निर्णय ज्याची मजुरी त्याच गावात आहे त्याला सोपा नसतो.

दाखला आणि जनगणना

१९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना राज्याने १ मे १९६० पासून सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध अनुसूचित जाती म्हणून आले ते १९९० च्या दुरुस्तीने. मधल्या काळात केंद्राच्या सवलतीसाठी हजारो पालकांनी शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' असेच ठेवले. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर हिंदू, असे एका पिढीचे दुहेरी आयुष्य झाले.

आता तशी गरज नाही. धर्म 'बौद्ध' आणि अनुसूचित जात 'महार' अशी नोंद एकाच वेळी कायदेशीर आहे. २०२७ च्या जनगणनेत जातींचीही गणना होणार आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले गेले का आणि जातीच्या रकान्यात यादीतली जात आली का, हे दोन्ही स्वतः पाहावे. 'नवबौद्ध' हा शब्द शासनाच्या योजनांत वापरला जातो, तो धर्म नव्हे.

कागद शोधा

आमच्या अनुभवात आज या समाजापुढचा सर्वांत निकडीचा प्रश्न जमिनीच्या कागदाचा आहे, कारण बाकीच्या अनेक गोष्टी त्याला बांधलेल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमीन नावावर लागते. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस वारस असतील तर कोणाच्याच वाट्याला एवढे क्षेत्र येत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देणारी ही योजना २०१८ पासून शंभर टक्के अनुदानाची झाली. तिच्यात एकरी जिरायतीला पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांची मर्यादा ठरली. कालव्याखाली या भावात एकर विकायला कोण तयार होईल, हे बारामतीकरांना सांगायला नको. त्यामुळे जी जमीन आपली आहे तिचाच शोध आधी घ्यायला हवा.

सुरुवात अशी करता येते. गावातल्या जुन्या माणसाकडून हाडोळ्याची जागा आणि शिवारातले नाव विचारून घ्यावे. भूमी अभिलेख कार्यालयातून कडईपत्रकाची नक्कल मागावी. तलाठी कार्यालयात गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही आणि गाव नमुना १-क, म्हणजे वर्ग २ च्या जमिनींची नोंदवही पाहावी. १९५९ नंतरचे सगळे फेरफार क्रमाने काढावेत. पणजोबांपासूनची वंशावळ लिहावी, तीत मुलींची नावेही घालावीत. वारसनोंद राहिली असेल तर तो अर्ज आधी द्यावा. कोर्टकचेरीचा विचार त्यानंतर, जाणकार वकिलाचा सल्ला घेऊन.

हे काम एकट्या कुटुंबाने केले की थकवा येतो. वस्तीने मिळून केले तर एका वर्षावासात गावाचा पूर्ण इतिहास हाती येऊ शकतो. काही ठिकाणी आम्ही तसे सुरू केले आहे. वाचन संपले की ग्रंथ बाजूला ठेवून जुने उतारे पसरले जातात. मोडी वाचणारे कोणी मिळाले तर त्यांना बोलावले जाते आणि आजी सांगते, "हा म्हसोबाच्या ओढ्याकडचा तुकडा आपलाच होता." कॉलेजात जाणारी नात ते वहीत लिहून घेते. गट क्रमांकाचा रकाना ती मोकळा ठेवते, दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात जाऊन भरण्यासाठी.